निर्मनुष्य बेटावर नणंद-भावजय

मला एकांत हवा आहे, हे मी गेल्या काही वर्षांत इतक्या जणांना सांगत फिरले होते, की त्या नादात एकटं बसायला मला वेळच मिळाला नव्हता. ऑफिसात कॉफी घेताना, नेदरलँड्समधल्या आमच्या मराठी मंडळाच्या गणपतीत प्रसादाच्या रांगेत, पुण्याला आईशी फोनवर बोलताना माझं वाक्य ठरलेलं असायचं, "एखाद्या निर्मनुष्य बेटावर जाऊन बसावंसं वाटतं. आजूबाजूला चिटपाखरूसुद्धा नको." मंडळाच्या दिवाळी अंकात मी 'एकांताची ओढ' नावाचा लेखही लिहिला. लिहिताना व्हॉट्सअ‍ॅपवर कोणाकोणाशी बोलणं चालूच होतं, आणि छापून आल्यावर वाचलात का म्हणून ओळखीतल्या प्रत्येकाला फोन करून झाला.

तेव्हा माझ्या पन्नासाव्या वाढदिवसाला नवऱ्याने, म्हणजे अजितने, बेटाची सहल भेट दिली यात त्याचा काही दोष नाही.

"वाडलोपन," तो म्हणाला. "वर उत्तरेला, फ्रीसलंडच्या किनाऱ्याला ओहोटीच्या वेळी समुद्र पार आत जातो. मग गाइडबरोबर चिखलातून चालत चालत बेटावर जायचं. तिथे एकही माणूस राहत नाही. भरती आली की बोटीने परत."

"चिखलातून?" मी विचारलं.

"तुला हवं होतं ना निर्मनुष्य?"

मला हवं होतं ते बेट जरा वेगळं होतं. त्यावर एक बरी खोली, गरम पाणी आणि वायफाय होतं. पण ते आता कोणत्या तोंडाने सांगणार? मी आनंदाने टाळी वाजवली. मग पाकिटात पाहिलं तर तिकिटं दोन होती.

"तू येतोयस?"

"छे, माझी कंबर," अजित म्हणाला आणि स्वयंपाकघराकडे बघत आवाज खाली आणून पुढे म्हणाला, "ताईला ने ना. तिला फार इच्छा आहे गं. पण ती तोंडाने बोलायची नाही, माहितीये ना तुला."

ताई म्हणजे त्याची मोठी बहीण मंजूषा, माझ्या मंजूताई. वय चौसष्ट, राहायला पुण्यात, सहकारनगरला. त्या सहा आठवड्यांसाठी आमच्याकडे झूटरमेरला आल्या होत्या आणि त्यांतले तीन संपले होते. मी अ‍ॅमस्टरडॅमच्या झुइडास भागातल्या एका बँकेत प्रोजेक्ट मॅनेजर आहे. लोकांना दिवसभर 'झालं का? कधी होईल?' असं विचारत राहणं हे माझं काम. नणंद येणार म्हटल्यावर मी तिचाही प्रोजेक्ट केला. सुट्टी काढली. सोमवारी पवनचक्क्या, मंगळवारी चीजचा बाजार, बुधवारी समुद्र, गुरुवारी म्युझियम. त्या खिडकीशी चहा घेऊन बसल्या की मी शेजारी जाऊन बसायचे आणि बोलायला लागायचे. पाहुण्या माणसाला एकटं सोडू नये, हे माझ्या आईने माझ्या डोक्यात इतकं घट्ट बसवलंय की निघता निघत नाही.

तीन आठवड्यांत मी इतकी थकले होते की त्या चिखलाच्या सहलीचीही मला आस लागली होती. एक दिवस तरी पाहुणचारातून सुटका. आणि आता सोबत पाहुणीच.

"त्यांचे गुडघे?" मी शेवटचा प्रयत्न केला.

"ठणठणीत आहेत," अजित म्हणाला.

ऑगस्टचा शेवट होता. पहाटे निघालो. गाडी मी चालवत होते. समुद्र अडवून बांधलेल्या त्या लांबलचक सरळ बांधावरून जाताना मी मंजूताईंना बांध कसा बांधला, का बांधला, आधी काय होतं, नंतर काय झालं, हे सगळं सांगितलं. मला त्यातलं फारसं माहीत नव्हतं, पण गाडीत शांतता पसरली की पाहुण्याला परकं वाटतं. मंजूताई "हो का" म्हणत बाहेर बघत होत्या. एकदा त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं गाडी लागतेय, म्हणून मी आवळासुपारी पुढे केली आणि मळमळ, तिची कारणं आणि उपाय यांवर बोलले.

किनाऱ्यावरच्या बांधाच्या उतारावर मेंढ्या चरत होत्या आणि आमचा दहा-बारा जणांचा जथा तिथे जमला होता. सगळे उंच, उन्हाने रापलेले, काटक डच लोक. गाइड औक्ये नावाची साठीच्या आसपासची बाई होती. खांद्यावर वॉकीटॉकी, हातात स्वतःपेक्षा उंच काठी. मी पुढे होऊन तिच्याशी डचमध्ये बोलले. एवढी वर्षं इथे राहून, परीक्षा देऊन मी डच शिकलेय. बोलायची संधी मिळाली की मी ती सोडत नाही. मी म्हणाले, आम्हाला फार आनंद झाला, आज हवा सुंदर आहे, आम्ही तयार आहोत.

औक्येने माझ्या पायांकडे पाहिलं आणि इंग्रजीत विचारलं, "यू हॅव अदर शूज?"

मी खास या दिवसासाठी महागाचे ट्रेकिंगचे बूट घेतले होते. जलरोधक, चामड्याचे, घोट्याशी मऊ गादी असलेले. औक्येचं म्हणणं असं की चिखलात हे बूट आत राहतात आणि पाय तेवढे बाहेर येतात. हवे होते ते घोट्यापर्यंतचे साधे कॅनव्हासचे बूट, घट्ट बांधलेले. मंजूताईंच्या पायात नेमके तसेच होते, अजितने आणून दिलेले. औक्येने आपल्या गाडीतून एक जुनी जोडी काढून मला दिली. ती दोन नंबर मोठी होती. मग तिने चिकटपट्टीने ते बूट माझ्या पायांना गुंडाळले. सगळे वाट बघत उभे होते, आणि मी फ्रॅक्चर झाल्यासारखी पाय पुढे करून दगडावर बसले होते.

बांध उतरलो. आधी खारट गवताचा पट्टा लागला, आणि मग तो चिखल. करडा, गुळगुळीत, आभाळाची चमक घेऊन थेट क्षितिजापर्यंत पसरलेला. बेट कुठे दिसेना. "तिथे," औक्ये काठी रोखून म्हणाली. तिथे एक बारीक रेघ होती. मला ती माझ्या चष्म्यावरची वाटली.

पहिल्या टप्प्यात चिखल गुडघ्यापर्यंत येतो, हे औक्येने आधीच सांगितलं होतं. थांबायचं नाही, पटापट पाय उचलायचे, थांबलात की रुताल. हे ऐकून मी मागे वळून मंजूताईंना म्हणाले, "घाबरू नका हं, माझा हात धरा." आणि हात पुढे करायला थांबले. थांबले तशी रुतले. डावा पाय उपसायला गेले तर उजवा आणखी खोल गेला, उजव्याला जोर दिला तर डावा, आणि मग ज्याला आधार म्हणतात असं काहीच उरलं नाही तेव्हा मी त्या चिखलात सरळ बसले. बसताना असा काही आवाज झाला, की पुढचे सगळे एकदम वळले.

मंजूताई माझ्याजवळून न थांबता पुढे गेल्या, जरा कडक भाग शोधला, तिथून वाकून माझ्या दोन्ही काखांत हात घातले आणि मला ओढून काढलं. गव्हाचं पोतं ओढावं तसं. माझं वजन काही कमी नाही.

"तुम्हाला कसं जमतं हे?" मी धापा टाकत विचारलं.

"रोज पर्वती चढते मी," त्या म्हणाल्या आणि चालायला लागल्या.

पुढे जमीन घट्ट झाली, चुरगळलेल्या साडीसारख्या वळ्या पडलेली वाळू लागली. मग एक ओढा आला, म्हणजे समुद्राचाच उरलेला प्रवाह. पाणी कमरेच्या वर, गार म्हणजे इतकं गार की मी तोंडातून जे शब्द काढले त्यांतला एकही दिवाळी अंकात छापण्याजोगा नव्हता. बाजूचे एक उंच गृहस्थ आस्थेने म्हणाले, "इंडियन प्रेअर?" मी हो म्हटलं. मंजूताई हसून हसून पाण्यात पडता पडता वाचल्या.

बेटावर पोचलो तेव्हा दुपार व्हायची होती. बेट म्हणजे वाळूचा एक लांबट ढिगारा, मधे गवताच्या थोड्या टेकड्या आणि एका टोकाला खांबांवर उभी असलेली पक्षीनिरीक्षकांची बंद खोली. नाव मुद्दामच सांगत नाही, कारण माणसांनी तिथे फार येऊ नये असं औक्येचं मत आहे आणि दिवस संपेपर्यंत माझंही तेच झालं. झाड नाही, सावली नाही, भिंत नाही. वारा मात्र सगळीकडून. आणि चिटपाखरू नको म्हणणाऱ्या मला तिथे हजारोंनी पाखरं भेटली. पाण्याच्या कडेने त्यांची काळी-पांढरी किनारच होती आणि कलकलाट असा की शेजारच्याचं बोलणं ऐकू येईना.

आम्ही दोघी एका टेकाडाच्या आडोशाला बसलो. सुके कपडे चढवले, मंजूताईंनी वर करडा रेनकोट घातला, ठेपले काढले. मी लोणच्याची पुडी फोडत म्हटलं, "कसं वाटतंय? आवडलं ना तुम्हाला? मला खात्री होती. दमला नाहीत ना? थंडी वाजत असेल तर माझं जॅकेट—"

"उत्तरा," मंजूताई म्हणाल्या, "खरं सांगू? राग मानू नकोस. मी आज तुझ्यासाठी आलेय."

"माझ्यासाठी?"

"अजित म्हणाला, उत्तराला एकटीला जायची भीती वाटतेय पण ती कबूल करायची नाही. तू बरोबर गेलीस तर ती जाईल. फार वर्षांची इच्छा आहे तिची."

माझ्या हातातलं लोणचं वाळूत सांडलं. "मला म्हणाला, ताईला फार इच्छा आहे, पण ती तोंडाने बोलायची नाही."

आम्ही एकमेकींकडे पाहिलं.

"लहानपणापासून असाच," मंजूताई म्हणाल्या. "लग्नामुंजीला जायचा कंटाळा आला की आईला सांगायचा, ताईला ताप आहे, मी थांबतो तिच्याजवळ. आणि मला येऊन म्हणायचा, ताई, तुझं अंग गरम लागतंय गं. मला खरंच कणकण वाटायची."

"म्हणजे आत्ता तो घरी—"

"सोफ्यावर पसरला असेल."

मला राग यायला हवा होता, पण मंजूताई हसायला लागल्या तशी मीही हसले. हसणं ओसरल्यावर त्या पाण्याकडे तोंड करून बसल्या. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, आणि त्याच आधी बोलल्या.

"आमचे हे रिटायर झाल्यापासून मी घरात एकटी अशी नाहीच. दूध तापवायला उठले तरी विचारतात, कुठे निघालीस? पर्वतीला मी एकटी जायचे. ते सुख होतं माझं. आता तिथेही बरोबर येतात आणि दर वळणावर विचारतात, दमलीस का? वाईट नाहीत गं, फार चांगले आहेत. तेच तर अवघड आहे. भांडायचं कशावरून? म्हणून म्हटलं, सहा आठवडे अजितकडे जावं. तुम्ही दोघं दिवसभर ऑफिसात. मी, ती खिडकीजवळची खुर्ची आणि समोरचा कालवा. एवढंच ठरवून आले होते."

मग त्या अगदी मऊ आवाजात म्हणाल्या, "आणि तू सुट्टी काढलीस."

ती तक्रार होती, हे माझ्या लक्षात यायला थोडा वेळ लागला. तीन आठवडे माझी समजूत अशी होती की मी नणंदेचं सगळं निभावतेय. मैत्रिणींना फोन करून मी तसं सांगितलंही होतं, 'एक मिनिट सोडत नाहीत गं मला.' आता त्या पवनचक्क्या, तो चीजचा बाजार, त्या गाडीतल्या आवळासुपाऱ्या एकामागून एक डोळ्यांसमोर यायला लागल्या. त्यांचे यजमान दामोदरराव निदान दर वळणावरच विचारत होते. मी तर सपाट देशात अखंड विचारत होते.

"तुम्ही बोलला का नाहीत?" मी म्हटलं.

"तू एवढं हौसेने करत होतीस. पाहुणीने कसं म्हणायचं, गप्प बस म्हणून?"

तेवढ्यात औक्ये सगळ्यांना सांगत आली. बोट येता येता वाटेत एका वाळूच्या पट्ट्यावर टेकली होती. भरतीचं पाणी तिला उचलेल तेव्हाच ती निघणार. म्हणजे आणखी दोनेक तास तरी इथेच. काळजीचं काही नाही, बेट बुडत नाही. फक्त तिने काठीने दाखवलेल्या टोकापलीकडे जायचं नाही, तिथे सील पहुडलेले असतात, आणि आवाज अजिबात करायचा नाही. भरतीच्या वेळी पक्ष्यांना टेकायला एवढीच जागा उरते.

मी मंजूताईंकडे वळले. "तुम्ही त्या टेकाडामागे जा. मी इकडे थांबते. बोट येईपर्यंत मी येणार नाही. काही विचारणार नाही."

"नक्की?"

"नक्की."

त्या अशा झरझर निघून गेल्या की मला जरा वाईटच वाटलं.

आणि मग मी एकटी राहिले. पुढ्यात समुद्र, वर आभाळ, बोलायला कोणी नाही. पन्नास वर्षांचं आयुष्य, त्याचा एक मोठा हिशोब मांडायचं मी ठरवलं. मांडी घातली, डोळे मिटले. डोळे मिटल्यावर डोक्यात आलं की ऑफिसातली सोमवारची मीटिंग पुढे ढकलल्याचं मी एकाला कळवलेलं नाही. डोळे उघडले. फोन काढला. रेंज नव्हती. हात उंच करून पाहिलं, उभी राहून पाहिलं. तरी नाही. मग उरलेले ठेपले खाल्ले. भूक नव्हती, पण ते समोर होते. मग मंजूताईंच्या वाटचे खाल्ले. मग समुद्राचा फोटो काढला, तो कोणाला पाठवता येईना म्हणून आणखी तीन काढले. एकांताबद्दल मी लेखात जे जे लिहिलं होतं त्यातलं एकही वाक्य आठवेना. आठवत होतं ते एवढंच, की लेख वाचून मंडळाच्या सेक्रेटरीने 'छान' म्हटलं होतं, 'फार छान' नाही.

असं किती वेळ बसले सांगता येणार नाही. मला तो अर्धा दिवस वाटला, पण ऊन हललंही नव्हतं. मग मी मंजूताईंच्या टेकाडाकडे सहज म्हणून नजर टाकली. त्या दिसेनात. आडोशाला असतील, असं मनाला सांगितलं. थोड्या वेळाने उठून जरा उंचवट्यावर गेले, नुसतं बघायला. तिथूनही दिसेनात. पाणी मात्र चांगलंच वर आलं होतं. मघाशी वाळू होती तिथे आता लाटा होत्या.

आणि तेवढ्यात दूर, पाण्याच्या अगदी काठाला, मला त्या दिसल्या. करड्या रेनकोटात, कुशीवर आडव्या. हलत नव्हत्या. एक लाट आली, त्यांच्या पायांवरून गेली, तरी त्या हलल्या नाहीत.

त्यानंतर मी काय विचार केला ते मला खरोखर माहीत नाही. बहुधा केलाच नाही. चौसष्ट वर्षांची बाई, ते गार पाणी, तो चिखल, मला ओढून काढताना लावलेला जोर. मी पळायला लागले. दोन नंबर मोठे बूट, चिकटपट्टी सुटून मागे फरफटतेय, आणि मी गळा फाडून ओरडतेय, "मंजूताई! मंजूताईऽऽ!" छाती फुटेल असं वाटत होतं. औक्येने काठीने दाखवलेलं टोक कधी मागे पडलं कळलंही नाही. मनात एकच, यांना काही झालं तर मी अजितला काय सांगू? नाही, तेही नाही. मनात होतं की एकट्या राहायला मीच पाठवलं त्यांना.

मी अगदी जवळ पोचले तेव्हा त्यांनी मान वर केली. मिशा होत्या.

सीलने माझ्याकडे पाहिलं. मोठे काळेभोर डोळे, चेहऱ्यावर शुद्ध अविश्वास. मग त्याने घशातून एक आवाज काढला, आणि मला ज्या वाळूतल्या खडकांसारख्या वाटल्या होत्या त्या सगळ्या वस्तू एकदम जिवंत होऊन धबाधब पाण्यात घसरल्या. त्या आवाजाने पक्षी उठले. एक नाही, दोन नाही, सगळे. आभाळ काळं झालं, पांढरं झालं, पुन्हा काळं झालं. भरतीच्या वेळी जी एकच जागा त्यांना टेकायला उरते तिथून मी त्यांना, सरसकट सगळ्यांना, उठवलं होतं.

औक्ये धावत आली. ती जे बोलली ते मी इथे लिहीत नाही, पण ते सगळं तिने डचमध्ये सुनावलं. सकाळपासून पहिल्यांदाच. एकेक शब्द मला कळला.

मी मान खाली घालून उभी होते. मला दम लागला होता, आणि रडूही येत होतं, आणि ते थांबवता येत नव्हतं. मागून वाळू तुडवत कोणी आलं.

"इथेसुद्धा?" मंजूताई म्हणाल्या.

मी वळले. त्या धडधाकट होत्या. केस वाऱ्याने विस्कटलेले, गालाला वाळू लागलेली. टेकाडाच्या पलीकडच्या खळगीत त्यांना गाढ झोप लागली होती. फार दिवसांनी इतकी चांगली झोप लागली होती, असं त्या नंतर म्हणाल्या.

"मला वाटलं तुम्ही गेलात," मी म्हटलं. "तिथे पाण्यात. मला वाटलं, तुम्हीच आहात त्या."

मंजूताईंनी सीलकडे पाहिलं. तो पाण्यातून नुसतं डोकं वर काढून आमच्याकडे टक लावून बघत होता. टक्कल, मिशा, फुगीर गाल.

"मी?" त्या म्हणाल्या.

"रेनकोटमुळे," मी म्हटलं. "आणि लांबून."

रागावतील असं वाटलं. पण त्यांनी माझा चेहरा नीट पाहिला आणि त्यांचा सूर बदलला. पदर नव्हता, म्हणून रेनकोटच्या बाहीने त्यांनी माझं नाक पुसलं. लहान मुलाचं पुसतात तसं, जरा जोरातच. "वेडी आहेस तू," त्या म्हणाल्या. "चल, रडू नकोस. मला कोणी असं धावत येऊन शोधल्याला फार वर्षं झाली. आमचे हे धावत नाहीत, नुसती हाक मारतात." मग औक्येकडे वळून त्यांनी आपल्या इंग्रजीत खणखणीत आवाजात सांगितलं, "मॅडम, शी इज व्हेरी सॉरी. शी इज लाइक धिस ओन्ली. गुड हार्ट, नो कंट्रोल."

औक्येच्या तोंडाचा कोपरा हलला. ती म्हणाली, बसा दोघी एका जागी, आणि गप्प बसा. आम्ही बसलो. पक्षी हळूहळू परत उतरले. मंजूताई काही बोलल्या नाहीत, मीही बोलले नाही. एकटीने जमलं नव्हतं ते त्यांच्या शेजारी बसून जमलं. लेखात हे कुठे बसवायचं ते मात्र मला अजून कळलेलं नाही.

बोट आली तेव्हा ऊन उतरायला लागलं होतं. बोटीवर सगळ्यांना गरम सूप मिळालं. मला देताना सूप वाटणाऱ्या पोराने विचारलं, "तुम्हीच का त्या?" म्हणजे वॉकीटॉकीवरून बातमी पोचली होती.

संध्याकाळी घरी पोचलो तर सगळ्या खिडक्या सताड उघड्या आणि स्वयंपाकघरातला पंखा घरघरत होता. तरी तळलेल्या बांगड्याचा वास जिन्यापर्यंत आला होता. ताईसमोर आपण मासे खात नाही, असा अजितचा गेल्या पंचवीस वर्षांचा रिवाज आहे. दारात उभा राहून तो म्हणाला, "कशी झाली ट्रिप? मी तर दिवसभर काळजीत."

"खिडक्या लाव," मंजूताई म्हणाल्या. "थंडी वाजतेय. आणि मासे तू नववीत असल्यापासून खातोयस, ते मला माहीत आहे." मग पायातले चिखलाचे बूट काढून त्याच्या हातात दिले. "माझं अंग गरम लागतंय का रे, बघ जरा."

अजितने माझ्याकडे पाहिलं. मी माझेही बूट त्याच्या हातात दिले.

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसात फोन करून उरलेली सुट्टी रद्द केली. आमची मुलगी संहिता वाखनिंगनच्या विद्यापीठात शिकते. ती सप्टेंबरपासून इंटर्नशिपसाठी डेन्मार्कला चालली होती आणि तिची तिथली माळ्यावरची खोली रिकामी राहणार होती. मी मंजूताईंना विचारलं, "तुम्हाला तिथे राहायचंय का? एकट्या?" त्यांनी सरळ बॅग काढली. मी ट्रेनचं वेळापत्रक, दुकानांची नावं, डॉक्टरचा नंबर, बसचा मार्ग असं सगळं एका कागदावर लिहायला घेतलं. त्यांनी माझ्या हातातलं पेन काढून घेतलं. पोचल्या त्या व्यवस्थित. चुकीच्या बसमध्ये बसून नदीकाठच्या भलत्याच गावाला आधी जाऊन आल्या, आणि ते गाव सुंदर असल्याचं कळवलं.

चौथ्या दिवशी मला राहवलं नाही. ऑफिसातून निघाले, झुइडासच्या फलाटावर गाडी उशिरा असल्याची पाटी लागली होती, म्हणून मी फोन लावला.

"काय करताय?"

"काही नाही."

"काही नाही म्हणजे?"

"म्हणजे काहीच नाही गं," मंजूताई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात इतकं सुख होतं की माझ्या जिभेवर आलेले पुढचे चार प्रश्न मी गिळले. "ठेवू का?" त्यांनी विचारलं आणि माझं उत्तर येण्याआधीच ठेवला.

मी फलाटावरच्या बाकावर बसले. गाडी येईपर्यंत मी आणखी कोणालाही फोन केला नाही. केला असता, पण बॅटरी संपली होती.